शीण आणि आळस

आपल्या संप्रदायात आळसाची निंदा पुष्कळ झालेली आहे, आणि ती योग्यच आहे. नरदेह दुर्लभ, आयुष्याचा भरवसा नाही, तेव्हा निजलेल्याला हाक मारून उठवणे हे कीर्तनकाराचे कामच होय. मीही माझ्या कुवतीप्रमाणे गेली कित्येक वर्षे ते करीत आलो. परंतु निजलेला वेगळा आणि पडलेला वेगळा. निजलेल्याला हाक पुरते. पडलेल्याला कितीही मोठ्याने हाक मारली तरी तो उठत नाही, त्याला हात द्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट मला उतारवयात कळली, आणि ती कोणा शास्त्रीबुवांनी नव्हे, तर सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळून पोट भरणाऱ्या एका बाईने शिकवली. त्यात माझी शोभा झाली. तरीपण सांगतो.

आमच्या गल्लीत आषाढीच्या आधी हरिनाम सप्ताह असतो. तीन वर्षांपूर्वी त्या सप्ताहात माझे कीर्तन होते आणि मी आळसावर बोलत होतो. बोलण्याच्या ओघात म्हणालो, "हल्ली वारीचं नाव काढलं की कुणाचे पाय दुखतात, कुणाची कंबर धरते. लग्नाच्या पंगतीला जाताना मात्र कुणाचं काही दुखत नाही!" लोक खूप हसले. टाळ्याही मिळाल्या. मागच्या बाजूला भिंतीला टेकून एक बाई बसली होती. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि निघून गेली. मी ते पाहिले, पण लहान मूल रडत असेल, भाकरी करायची राहिली असेल, असे समजून पुढे गेलो.

या बाईने ओळीने अकरा वर्षे डोक्यावर तुळस घेऊन पायी वारी केली होती. सोलापूरहून पंढरी सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मुक्कामाला पोचल्यावर बाकीच्या बाया पाय चोळीत बसत, तेव्हा ही चूल पेटवायला लागलेली असे. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी मात्र ती आली नव्हती. माझे बोलणे तिला उद्देशून नव्हते, हे खरे. पण बाण कोणाला उद्देशून सोडला हे ज्याला लागतो त्याला सांगून काय उपयोग!

आठ-दहा दिवसांनी ती घरी आली. पायरीवरच बसली. पाणी दिले, ते पिऊन झाल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बुवा, मी आळशी न्हाई."

मी काहीतरी सारवासारव करू लागलो. ती म्हणाली, "ऐकून तर घ्या की. मागं ताप आला, आठ दिवसांत उतरला. पण जाताना अंगातली ताकद घेऊनच गेला बघा. रातभर झोपते, तरी सकाळी उठताना रातभर जातं ओढल्यासारखं अंग असतंय. एखाद्या दिवशी जोर करून चादरी धुतल्या, तर दुसऱ्या दिवशी न्हाई तर तिसऱ्या दिवशी मला उठवतच न्हाई. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधताना मोजणी मध्येच सुटती. पूर्वी हजार विड्या होत होत्या, आता पाचशे होईनात. घरातले म्हणतात सोंग करती. आणि तुम्ही बी..." तिने वाक्य पुरे केले नाही.

मला त्या वेळी जे सुचले ते मी बोललो. म्हटले, "बाई, नाम वाढवा. सगळा शीण जाईल."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "नाम घ्यायला बी ताकद लागतीया, बुवा. ओठ हलवायचा कंटाळा न्हाई, ओठ हलत न्हाईत." आणि मग जे विचारायला ती आली होती ते विचारले: "वारी चुकली म्हणून देव शिक्षा करतोय का? आणि दवाखान्यात गेले तर माझा देवावर भरवसा न्हाई असं होईल का?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले, पाहिले, अनुभवले, त्यावरून आज थोडे लिहितो.

पहिली गोष्ट प्रमाणाची. आपण प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे मानतो. तापाला प्रत्यक्ष आहे, हात लावला की कळते. मोडलेल्या हाडाला आहे, सुजेला आहे. शिणवट्याला प्रत्यक्ष नाही. तो ज्याचा त्यालाच कळतो. मग आपण अनुमानाकडे वळतो आणि तिथेच घसरतो. "दिसायला तर ठणठणीत आहे", "रिपोर्टमध्ये काही आले नाही", यावरून "आजारच नाही" असा सिद्धान्त काढतो. न्यायशास्त्र शिकणाऱ्या पोरालाही ही चूक कळेल. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते. धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल गोळा पाहा, धूर नावालाही नसतो. पण हात लावून बघा! रक्तातील दोष हा एक धूर आहे. तो दिसला तर आनंदच, उपाय सापडतो. तो दिसला नाही तर आपल्याला दिसला नाही एवढेच ठरते.

राहिले शब्दप्रमाण. आप्त कोणाला म्हणावे? ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि ज्याला खोटे बोलण्याचे कारण नाही, तो आप्त. ज्या ब्रह्मसुखाचा आपल्याला काडीचा अनुभव नाही, ते आहे असे आपण संतांच्या शब्दावर मानतो, त्या भरवशावर सगळा जन्म काढतो. आणि आपल्याच घरातील सून "मला उठवत नाही" म्हणाली तर तिच्या शब्दावर आपला विश्वास बसत नाही! तिच्या शिणाविषयी तिच्याहून मोठा आप्त या त्रिभुवनात कोण आहे? आम्ही प्रवचनकार शब्दप्रमाणाचा महिमा गातो आणि घरी येऊन सुनेकडे पुरावा मागतो.

यावर आक्षेप येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही, की जगात खरोखरच आळशी माणसे आहेत. सगळ्यांचेच ऐकले तर कामे कोणी करायची? मान्य. परंतु आळस आणि शीण ओळखण्याची एक खूण मला या बाईकडे पाहूनच सापडली. आळशी मनुष्य नावडते काम टाळतो. आवडीच्या गोष्टीला तो सर्वांच्या पुढे असतो. शिणलेल्या माणसाचे आवडीचेही सुटते. या बाईची वारी सुटली होती, हरिपाठाची बैठक सुटली होती, सख्ख्या भाचीच्या हळदीला ती जाऊ शकली नव्हती. म्हणजे माझ्या कीर्तनातला तो पंगतीचा विनोद तिच्या बाबतीत तर धडधडीत खोटा होता. आणि समजा चुकून एखाद्या लबाडाचे आपण ऐकले, तर काय जाईल? दोन दिवसांचे काम, दोनशे रुपये. उलट, खऱ्या आजाऱ्याला लबाड ठरवले तर त्याचे औषध राहते, अब्रू जाते, आणि हळूहळू त्याला स्वतःलाही वाटू लागते की आपण लबाडच आहोत. हे शेवटचे फार भयंकर आहे.

दुसरी गोष्ट नामाची आणि औषधाची. संतांनी नामाला औषध म्हटले आहे, पण कोणत्या रोगाचे? भवरोगाचे. जन्ममरणाच्या येरझारीचे ते औषध आहे. ते रक्तक्षयावर द्यावे असे कोणत्या संतांनी सांगितले? मला तर उलट वाटते. "मी दवाखान्यात जाणार नाही, देवानेच मला बरे करावे" असे म्हणून बसणे हा भक्तीचा कळस नसून देवाशी केलेला सौदा आहे. निष्काम नामाला आपण कामाला लावतो आणि गुण आला नाही की रुसतो. त्यापेक्षा अंगाचे दुखणे वैद्याकडे न्यावे आणि नाम नामासाठी घ्यावे, यात नामाचा मान अधिक राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधत नाही ते सांगितले आहे: फार खाणाऱ्याला नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही, तसा सदा जागणाऱ्यालाही नाही. माउलींनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. आम्ही कीर्तनात त्यातले फार झोपणारा तेवढा उचलतो. पहाटे चारला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाया समोर बसलेल्या असतात, त्यांना दुसरे अर्धे कोणी सांगत नाही. सप्ताहाच्या भंडाऱ्याच्या पोळ्या कोण लाटते, हेही एकदा मोजावे. लाटून लाटून मोडलेल्या हातांना आम्ही आळसाचे दोष सांगतो!

असो. मी तिला म्हटले, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, जाऊन आले. आणि तिने जे सांगितले ते सगळ्या गावाला ओळखीचे आहे. पहिल्या ठिकाणी सलाईनच्या दोन बाटल्या लावल्या. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की बाटली हे ठरलेलेच. डॉक्टरने लावली नाही तर रोगीच मागून घेतो. पण सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. जुलाबांनी, उलट्यांनी अंगातले पाणी गेलेल्याचा त्याने जीव वाचतो. एरवी त्यात शक्ती नाही. त्यापुढे कोणी "ताकदीची सुई" दिली, कोणी एक पुडी दिली, जिच्यात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता आले नाही. एका डॉक्टरांनी दोन तपासण्यांचे कागद पाहिले आणि म्हणाले, "काही नाही, मनाचे खेळ आहेत." घरी सासूबाईंनी नजर उतरवली. एवढे होईतो बचत गटाचे तीन हप्ते थकले होते.

मग माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने सांगितले म्हणून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. सोलापूरकर ज्याला अजूनही नुसते "सिव्हिल" म्हणतात, तेच. त्याला जोडून १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि आज शेजारच्या धाराशिवकडून, कर्नाटकातल्या कलबुर्गी-विजयपुराकडूनही रोगी तिथे येतात. गर्दी किती ते सांगायला नको. पण तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या, त्यांनी आधी कागद मागितले नाहीत. "केव्हापासून? त्याच्या आधी काय झालं होतं? काम केल्यावर त्याच दिवशी त्रास होतो का दुसऱ्या दिवशी?" असे विचारले आणि उत्तरे ऐकून घेतली. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाली, "औषध न्हाई दिलं तरी चालेल, बुवा. ऐकलं तरी."

रक्त, साखर, थायरॉईड, मूत्रपिंड, यकृत, छातीचा फोटो असे सगळे झाले. क्षय नव्हता, साखर नव्हती, थायरॉईड ठीक. हिमोग्लोबिन मात्र आठावर आले होते आणि बी-बारा नावाचे जीवनसत्त्व फार कमी. यातले पहिले तर आपल्या घराघरांतले दुखणे आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या १०० बायकांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अर्ध्याहून अधिक! आणि आपण म्हणतो, हल्लीच्या बायकांना काम नको.

दुसरे दुखणे आम्हा माळकऱ्यांनी विशेष समजून घेण्यासारखे आहे. बी-बारा वनस्पतीत नसते. दूध, दही, ताक यांत थोडे असते, आणि गरिबाच्या घरी तेही चहापुरते. त्यामुळे शाकाहारी माणसात त्याची उणीव पुष्कळ आढळते. थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो. सासूबाई घाबरल्या, "आता माळ काढायला सांगतील." तसे काही नाही. हे औषध मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून त्यांच्यापासून काढतात. त्यात मांस नाही. ज्याला कॅप्सूलच्या वेष्टणाची शंका असेल, कारण ते पुष्कळदा प्राण्यांपासून केलेले असते, त्याने गोळी किंवा सुई मागावी. डॉक्टर देतात. माळ ठेवूनही बरे होता येते, हे आपल्या मासिकातून जितक्या वेळा सांगावे तितके थोडे.

चार-पाच महिने औषध झाले. रक्त अकराच्या वर आले, मुंग्या गेल्या, जिना चढताना लागणारी धाप गेली. घरात सगळ्यांना वाटले, सुटलो. पण ते दुसरे तसेच राहिले. एखादा दिवस बरा गेला म्हणून तिने घर सारवून काढावे, की पुढचे तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. पुन्हा तपासणी, पुन्हा सगळे ठीक. आता मात्र घरचे म्हणू लागले, "बघा, आता तर रक्तही भरलं! मग?" म्हणजे आधी आजार दिसत नव्हता म्हणून ती लबाड होती, आता बरा झाला म्हणून लबाड ठरली.

त्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते मी लिहून ठेवले आहे. "तुमच्या या त्रासाचं कारण आम्हाला सापडलेलं नाही. पण त्रास आहे, हे खरं." एवढे स्पष्ट 'सापडले नाही' म्हणायला ज्ञान लागते. अर्धवट शिकलेला मनुष्य कारण सापडले नाही की रोग्याच्या मनावर ढकलतो; आणि आम्ही बुवा लोक त्याच्या पूर्वकर्मावर ढकलतो.

त्यांनीच सांगितले की हा त्रास जगात नवा नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री नावाच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, नोकरचाकर मिळून २९२ जण एकामागून एक आजारी पडले, ते इतके की जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत रुग्णालयच बंद ठेवावे लागले. कित्येकांचा शीण पुढे वर्षानुवर्षे गेला नाही. १९७० साली दोन मानसतज्ज्ञांनी जुने कागद चाळून निकाल दिला, की तो हिस्टेरिया होता. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक असे, की आजाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. ज्यांच्याविषयी निकाल द्यायचा त्या रोग्यांना त्यांनी तपासलेही नव्हते. म्हणजे विलायतेतल्या विद्वानांनी आणि मी, दोघांनी एकच कीर्तन केले! या दुखण्याला इंग्रजीत एम.ई. आणि क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशी नावे आहेत. २०१५ साली अमेरिकेतल्या वैद्यकसंस्थेने सर्व संशोधन पाहून सांगितले की हा शरीराचा खराखुरा, गंभीर आजार आहे. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा शीण, झोपेने न जाणारा, आणि कष्ट केल्यावर उलट वाढणारा, ही त्याची लक्षणे. त्यासाठी अजून रक्ताची तपासणी नाही, बरे करणारे हमखास औषधही नाही. "हळूहळू व्यायाम वाढवीत न्या" असा जो सल्ला पूर्वी देत, तो इंग्लंडच्या आरोग्यसंस्थेने २०२१ साली मागे घेतला, कारण जोर करून पुष्कळांचे बिघडते. कोरोनाच्या साथीनंतर तर असे रोगी जगभर वाढले आणि तेव्हा कुठे मोठमोठ्यांना जाग आली.

पण विलायतेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्या शेजारी गोव्यात १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी झाली, ती २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२ टक्के बायकांना सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला थकवा होता. कोणाला? ज्यांच्या घरी कर्ज होते, ज्यांना मागच्या काही महिन्यांत उपाशी राहावे लागले होते, ज्यांना नवऱ्याचा जाच होता, ज्यांना घरच्या निर्णयात विचारत नव्हते, ज्यांचे मन खचलेले होते, त्यांना अधिक. आणि आश्चर्य असे की त्या पाहणीत थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. याचा अर्थ रक्ताच्या गोळ्या घेऊ नयेत असा कोणी करू नये. आमच्या बाईला त्यांनी गुण आलाच. अर्थ असा, की कधी कधी नाडी हाताची नव्हे, घराची बघावी लागते. मनाचे दुखणे असले तरी ते दुखणेच आहे. "मनाचे खेळ" म्हणून त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला आहे?

माझ्या एका कीर्तनकार मित्रापुढे हे सगळे मी मांडले तेव्हा तो म्हणाला, "अहो, संतांनी देहाची पर्वा केली का? आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस बघा!" द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली युद्धातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेले, आणि स्वतःला फेफऱ्याचा आजार असताना काम करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. त्यांच्यापुढे माझा माथा लवतो. पण त्यांनी स्वतःचा देह खर्च केला. आपला देह लोकांसाठी झिजवणे हा त्याग. दुसऱ्याचा देह झिजवून घेऊन त्याला त्याग म्हणायला लावणे, याला काय म्हणावे ते मित्राने मला अजून सांगितलेले नाही.

आणि संतांचेच पाहायचे तर जनाबाईचे पाहावे. जनाबाई दळून कांडून थकली, तेव्हा देवाने काय केले? आळसाचे दोष सांगितले काय? कथा असे सांगते की तो स्वतः जात्याशी बसला आणि खुंटा धरून दळू लागला. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेन. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. पण त्यातली एक गोष्ट माझ्याच ध्यानात आली नव्हती. देवाने जनीला तिच्या शिणाचा पुरावा मागितला नाही. वारीचे म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात अरण आहे. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देव अरणला आला, अशी परंपरा आहे. तेव्हा वारी चुकली म्हणून देव शिक्षा करतो का, या त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तोंडात आयुष्यभर होते. पायरीवर बसलेल्या बाईला ते देण्याचे मात्र सुचले नाही.

ते मी तिला पुढे सांगितले. ती म्हणाली, "मग कीर्तनात का न्हाई सांगितलं?" पुढच्या सप्ताहात सांगितले. तिचे नाव न घेता, पण माझे घेऊन. त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. दोन-तीन बाया मात्र नंतर थांबल्या आणि आपापले सांगू लागल्या. एकीच्या तपासणीत थायरॉईड निघाला. एकीने सांगितले त्याला दवाखान्यात औषध नव्हते, ते तिच्या नवऱ्याला समजावण्याचे काम होते. मंडळीतले दोघे जाऊन आले. अजून फारसा फरक नाही.

बाईचे आता बरे चालले आहे असे म्हणवत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला जे शिकवले त्याला आपल्याकडे जुनीच म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. शक्ती संपल्यावर बसायचे नाही, संपायच्या आधी बसायचे. विड्या तीनशेच, त्याही दोन बैठकांत. धुणे आणि पाणी थोरल्या मुलाकडे गेले. पहिल्यांदा तो लाजला, आता लाजत नाही. नवरा यंत्रमागावर जायच्या आधी कारखान्यात विड्या पोचवून पाने आणि तंबाखू घेऊन येतो. सासूबाईंची समजूत मात्र अर्धीमुर्धीच पटली आहे. "आमच्या वेळी गिरणीच्या भोंग्याला उठून आम्ही सगळं केलं," असे त्या म्हणतात, आणि ते खरेच आहे. त्यांच्याही शिणाची चौकशी कोणी केली नव्हती.

मिळकत कमी झाली आहे, हप्ते ओढाताणीने जातात. यंदाच्या वारीला ती आली नाही. दिंडी निघाली तेव्हा दारात बाजेवर बसून होती. तुळस तिच्या धाकट्या जावेच्या डोक्यावर होती.

येत्या गुरुवारी तिची पुन्हा तारीख आहे. केसपेपरसाठी सकाळी आठपासून रांग लागते आणि दीड-दोन तास उभे राहावे लागते. तेवढे उभे राहणे तिला झेपत नाही, म्हणून रांगेत मी उभा राहणार आहे. नंबर आला की मुलगा तिला रिक्षाने घेऊन येईल.